पंच्याण्णवावी मोट

नुसत्या आवाजावरून विमान कोणाचं ते ओळखता येत नाही. लढाई संपल्यानंतरची दोन वर्षं मला वाटायचं की येतं. माझी ती समजूत दुसऱ्याच्या घराला महागात पडली. तोंडानं सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहिते.

आमचा मळा वाशीमच्या बाहेर, शेलूबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होता. तीन एकर. वांगी, मिरची, मुळा, पालक, कोथिंबीर. मालक मोट हाकायचे आणि मी पाटाचं पाणी वाफ्यांत वळवायची. मोट सुटली की भाजी खुडायची, टोपली डोक्यावर घ्यायची आणि बाजार गाठायचा. लग्नाआधी मी मराठी सातवी पास झाले होते. वाफ्यांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. त्याचा उपयोग झाला तो चाचांच्या दुकानात.

चाचा म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं, एकानं मांडी घालून बसावं आणि दुसऱ्यानं पाय बाहेर सोडून टेकावं एवढंच. तिन्ही भिंतींवर घड्याळं आणि प्रत्येकात वेगळी वेळ, कारण सगळी दुरुस्तीला आलेली. आमच्या मालकांची त्यांच्याशी जुनी दोस्ती, त्यामुळे मला ते बहू म्हणायचे. तिसरे होते टपालबाबू. तारायंत्रावरही तेच बसायचे. देशावरून बदलून आलेले, बायकोमुलं गावाकडे, म्हणून दुपारच्या सुट्टीत घरी जाण्याऐवजी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. येताना कालचं वर्तमानपत्र आणायचे आणि त्यातली विमानांची बातमी आधी काढायचे.

त्या दिवसांत बातम्यांना तोटा नव्हता. लढाईतली विमानं कंपन्या विकत घेत होत्या. आज एक कंपनी निघायची, उद्या दुसरी. मुंबईहून नागपूरला आणि तिथून कलकत्त्याला रोज विमान जाऊ लागलं होतं, आणि ते आमच्या भागावरून जायचं, कधी डोक्यावरून, कधी उत्तरेला शेलूबाजाराच्या अंगानं. टपालाचं काम कोणत्या कंपनीला मिळणार, कोणाचं विमान वेळेवर पोचतं, कोण उतारूंना काय देतं, यावर तिघांची रोज जुंपायची. तिघांपैकी एकानंही विमानाला हात लावलेला नव्हता.

"कानात घालायले कापूस देते म्हनते," आमचे मालक म्हणाले होते एकदा.

"देतात. आवाज फार असतो आत," बाबू म्हणाले.

"मंग तो कापूस आपलाच असन. खालून आगगाडीत गेला, वरून वापस येऊन राह्यला."

चाचांना अशी थट्टा चालायची, पण यंत्राबद्दल कोणी वेडंवाकडं बोललेलं चालायचं नाही. दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं तरी विमान उडतं की नाही, हा वाद तर महिनोन् महिने चालला.

"उडते," चाचा म्हणायचे. "पोरानं लिहिलं हाये मले."

"रिकामं असेल तर उडेल," बाबूंचं म्हणणं. "टपाल, सामान, माणसं भरली की नाही."

"म्हनजे मोटीवानीच," आमचे मालक. "एक बैल बसला का झालं."

"तुले बैलाच्या फुडे काई दिसते का रे?"

"चाचा, तुमाले काट्याच्या फुडे दिसते का?"

रिकामी टोपली शेजारी ठेवून मीही थोडा वेळ पायरीवर टेकायची. बाईमाणसाला विमानात बसू देतात का, असं मी विचारलं तेव्हा बाबू म्हणाले, तिकीट काढलं की कोणालाही. मालक म्हणाले, "हिले नोका नेऊ. वर गेल्यावरबी ही पाट कुठी फुटला तेच पाहीन." ते खरंच होतं.

'पोरानं लिहिलं हाये' असं चाचा ज्याच्याबद्दल म्हणायचे, तो त्यांचा एकुलता मुलगा. तिशीतला. बापाच्या हाताखाली घड्याळं उघडायला शिकला, लढाईत भरती होऊन रेडिओचं काम शिकला आणि लढाई संपल्यावर एका विमान कंपनीत लागला. चालवणाऱ्याच्या मागं बसून जमिनीवरच्या लोकांशी रेडिओवर बोलायचं, हे त्याचं काम. कोणत्या दिवशी मुंबईहून नागपूरला येणार ते तो आधी कार्डावर लिहून कळवायचा. दुकानातला विमानांचा नाद त्याच्यापासूनच सुरू झालेला होता. बाबूंना आणि मालकांना ती करमणूक होती. चाचांना नव्हती. पोरगा वर असला की त्यांच्या चिमट्यातून बारीक स्क्रू खाली पडायचे. नागपूरला पोचल्याचं कार्ड यायला दोन दिवस लागत. विमान आमच्या गावावरून नीट गेलं एवढं तरी त्याच दिवशी कळावं, अशी त्यांची इच्छा होती.

दुकानातून आभाळ दिसत नव्हतं. टपाल कचेरीला खिडकी एकच आणि तीही गल्लीकडे. उघड्यावर असायची ती मी. म्हणून विमान पाहायचं काम माझ्याकडे आलं.

अडचण वेळेची होती. आमच्याकडे घड्याळ नव्हतं. पण मोटा मोजण्याची पद्धत होती. विहीर आमची आणि शेजाऱ्याची सामाईक, शंभर मोटा आमच्या, मग दुपारनंतर त्याच्या. एक जास्त झाली की भांडण, म्हणून दर दहा मोटांना पाटाच्या कडेला मी एक खडा ठेवायची आणि मधल्या तोंडानं मोजायची. पहिली मोट जिनिंगच्या सहाच्या भोंग्याला ओतायची, हाही आमचा रिवाज. चाचांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खिशातलं घड्याळ घेऊन विहिरीवर हजर झाले. शंभराव्या मोटेपर्यंत काठावर बसून राहिले. तासाला तीस मोटा निघाल्या. पहिल्या तासाला तीस, दुसऱ्याला तीस, तिसऱ्याला एकोणतीस.

"बहू," ते म्हणाले, "तुह्या बैलाच्या पायात कोनीतरी घड्याय बसवलं हाये."

बाबूंनी एक वही आखून दिली. तारीख, कितवी मोट, कोणीकडून कोणीकडे, आभाळ कसं. मी मळ्यात लिहायची, दुकानात वाचून दाखवायची आणि चाचा पेन्सिलीनं मोटांची वेळ करून पुढच्या रकान्यात भरायचे. मुंबईचं विमान रोज पंच्याण्णवाव्या मोटेच्या आसपास जायचं, म्हणजे नऊ वाजून दहा मिनिटं. तीन-चार मोटांचा फरक पडला तर बाबूंना आनंद व्हायचा. वारा कसा असेल, कुठं उशीर झाला असेल, यावर त्यांना बोलता यायचं. आपल्या गावाची वही मुंबईच्या वेळापत्रकापेक्षा खरी आहे, असं ते म्हणायचे. मलाही ते आवडायचं. सातवी पास बाईची वही सरकारी माणूस वाचतो, याचं मला अप्रूप होतं हे लपवत नाही.

त्या वर्षी फाल्गुनात आभाळ आलं. मेहकरच्या बाजूला गारा पडल्याची बातमी बाजारात होती. आमच्याकडे गारा नव्हत्या, पण चार दिवस ऊन असं नव्हतंच. आमच्या डाव्या बैलाचा खांदा सुजला, म्हणून मालकांनी शेजाऱ्याची जोडी मागून आणली. त्याची पाळी दुपारनंतर असल्यानं सकाळी ती जोडी रिकामीच असायची. त्यात काही विशेष नव्हतं. आमची जोडी तो न्यायचा, त्याची आम्ही आणायचो.

त्याच दिवशी चाचांचा मुलगा मुंबईहून निघणार होता. कार्ड आलेलं होतं. त्या विमानात उतारू नव्हते. टपाल, सामान, चालवणारे दोघे आणि हा.

सकाळभर मी कान देऊन होते. ढग इतके खाली की शेजारचा चिंचेचा शेंडाही धुरकट दिसत होता. नऊ खडे झाले, मग एक, दोन, तीन, चार मोटा, आणि पाचव्या मोटेला आवाज आला. ढगांच्या वर, जड, सारखा आवाज, उगवतीकडे जाणारा. दिसलं काही नाही. पंच्याण्णवावी मोट. मी वहीत लिहिलं आणि आभाळाच्या रकान्यात लिहिलं, "पूर्ण ढग, फक्त आवाज."

टोपली घेऊन दुकानाशी पोचले तेव्हा चाचा उभे होते. दुकानात कधी उभे राहत नसत.

"गेलं का?"

"गेलं. पंच्याण्णवावी."

त्यांनी खाली बसून पेन्सिल घेतली, गरज नसताना हिशेब मांडला आणि नऊ वाजून दहा मिनिटं असं लिहिलं. "शुकर हाये," म्हणाले, आणि मला चहा मागवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आज तुले उशीर झाला, बहू."

"वल्ली भाजी खुडायले येळ लागला," मी म्हणाले.

तसं मला खरंच वाटत होतं. माझ्या डोक्यामागं, आजूबाजूला, तिन्ही भिंतींवर घड्याळं होती. आमच्या दोघांपैकी एकानंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहून कळलं असतं असंही नाही, कारण एकाचीही वेळ बरोबर नव्हती. पण बरोबर वेळ दाखवणारं एक घड्याळ चाचांच्या खिशात होतं.

संध्याकाळी तार आली. विमान नागपूरला पोचलेलं नव्हतं. वाटेवरच्या तारघरांना आणि स्टेशनांना विचारणा होती, कोणी पाहिलं का, ऐकलं का. बाबू तार घेऊन दुकानात आले. चाचांनी ती दोनदा वाचायला लावली.

"आपल्याकडे तर आहे," बाबू म्हणाले. "नऊ वाजून दहाला वाशीमवरून गेलं. म्हणजे जे काही झालं ते पुढे झालं. कारंजा, वर्धा, तिकडे कुठेतरी."

"तिकडे सपाट जमीन हाये," चाचा म्हणाले.

"सपाट आहे. शेतात उतरवलं असेल."

"पोरगा म्हने, चालवनारा हुशार हाये. लढाईतला."

बाबूंनी उत्तर पाठवलं. वाशीमवरून नऊ दहाला पूर्वेकडे गेलं, आवाज ठीक. गावोगावचे पोलीस पाटील, रेल्वेची माणसं, एक विमानसुद्धा, सगळे दुसऱ्या दिवशी वाशीमच्या पूर्वेला शोधाला लागले. आमच्या पश्चिमेला कोणी गेलं नाही. आमच्या तारेनंतर त्यांनी तिकडे जायचं काही कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात पुन्हा वही घेऊन होते. शेजाऱ्याची जोडी अजून आमच्याकडेच होती. शहात्तराव्या मोटेला विमान गेलं. मला वाटलं, हे शोधणारं विमान असेल, त्याला कुठली आलीय वेळ. तेच रोजचं विमान असेल, असं डोक्यात आलं नाही.

दुपारी दुकानात तिघं बसलेले होते, रोजच्यासारखे. बोलणंही रोजचंच होतं. फक्त आता ते बोलणं कोणाला नको होतं आणि थांबवताही येत नव्हतं.

"एक इंजिन बंद पडलं असन," चाचा म्हणाले. "तरी उडते."

बाबूंनी या वेळी वाद घातला नाही. "उडतं," म्हणाले.

"तुमीच म्हनत होते का भरलं असलं तं नाई."

"उतारू नव्हते, चाचा. भरलेलं नव्हतं."

"टपाल होतं."

"टपालाचं वजन किती ते मला विचारा. काही नसतं."

आमचे मालक खाली पाहून काडीनं जमीन उकरत होते. बैलांची थट्टा त्यांनी केली नाही. मी चाचींकडे गेले. चाची घरात बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तांदूळ, आणि निवडत नव्हत्या. मी सूप घेऊन निवडून दिलं आणि परत आले.

दिवेलागणीच्या आधी शेजारी आपले बैल घ्यायला आला. बैलांच्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, "काय मंग, वैनी, जमलं का माह्या नवरदेवायसंग?"

"नवरदेव कायले?"

"अवं वरातीतल्यावानी चालते ते. तुमच्या शंभर मोटा साडेनवाले होते. माह्यावाल्या जोडीनं शंभर केल्या का दहा वाजून जाते. रोज बोलनी खातो बायकोची."

तो हसत होता. माझ्या हातात खुरपं होतं ते मी खाली ठेवलं. पंच्याण्णव मोटा. आमच्या जोडीच्या नव्हत्या. ऊन नव्हतं, सावली नव्हती, मोजायला फक्त खडे होते, आणि खडे बरोबर होते. म्हणजे मी ऐकलेलं विमान दहाच्या सुमाराला गेलं होतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी वाशीमवरून काहीच गेलेलं नव्हतं. रोजच्या विमानाला पाऊण तासाचा उशीर माझ्या वहीत कधीच नव्हता, म्हणजे चाचांच्या पोराचं विमान आमच्यापर्यंत आलंच नव्हतं.

मी पायात काही न घालता बाजाराकडे चालू लागले. पळाले नाही, पळून श्वास गेला असता तर बोलता आलं नसतं. बाबू कचेरी बंद करून दुकानाच्या पायरीवर आलेले होते. मी उभ्यानंच सांगितलं. बैल बदलले होते, सांगायचं राहिलं, वेळ पाऊण तासानं चुकली.

चाचांनी मला पुन्हा विचारलं नाही. त्यांनी पेन्सिल घेतली आणि शेजाऱ्याच्या बैलांची वेळ मांडली, तासाला चोवीस मोटा धरून. दहाला तीन मिनिटं कमी आले. मग त्यांनी ती चिठ्ठी बाबूंना दिली.

"मग ऐकलं ते कोणतं?" बाबू म्हणाले. "दहाला तर इकडून काही जातच नाही."

"ते मंग पाहा," चाचा म्हणाले. "आधी तार करा."

बाबूंनी कचेरी परत उघडली. आपली आधीची तार चुकीची होती, शोध पश्चिमेला घ्या, असं कळवणं सरकारी नोकरीत सोपं नसतं. त्यांनी ते केलं. नंतर त्यांना त्याबद्दल लेखी उत्तर द्यावं लागलं आणि पावसाळ्याआधी त्यांची बदली झाली. मी ऐकलेलं विमान एका दुसऱ्या कंपनीचं होतं, मुंबईहून उशिरा निघून नागपूरला सामान घेऊन त्या एकाच दिवशी गेलेलं. हे बाबूंनीच शोधून काढलं आणि मला सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विमान सापडलं, मेहकरच्या पलीकडे डोंगरात. गारांनी पुढची काच फुटली होती म्हणतात. चालवणारे दोघे बसल्या जागीच गेले होते. चाचांचा मुलगा विमानाबाहेर, पंखाच्या आडोशाला होता. मांडीला सदऱ्याची पट्टी बांधलेली होती. लोक धरून चालले की तो बाहेर फेकला गेला असेल. पट्टीचा विचार कोणी केला नाही, किंवा केला आणि बोललं नाही.

मोटारीतून त्याला आणलं आणि त्याच दिवशी दफन झालं. तीन दिवस त्यांच्या घरी चूल पेटायची नव्हती. शेजारपाजार जेवण देत होता, एका दुपारचं मी नेलं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. चाचा घरात नव्हते, दुकानात जाऊन बसले होते, म्हणून त्यांची भाकरी मी तिकडे घेऊन गेले. तेव्हाच मेहकरकडून पोलीस शिपाई मुलाच्या वस्तू घेऊन आलेला होता. एक पाकीट, एक पेन, जपमाळ, आणि मनगटावरचं घड्याळ. चाचांनी सही केली.

शिपाई भला माणूस होता. जाता जाता त्याला काहीतरी बरं बोलायचं होतं. घड्याळाकडे बोट करून म्हणाला, "याले काई झालं नाई पाहा, चाचा. आमी पोचलो तवा चालूच होतं. इतक्या वरून पडून टिकटिक करून राह्यलं होतं. काय माल असन."

चाचा म्हणाले, "हो, चांगला माल हाये."

शिपाई गेला. चाचांनी घड्याळ कानाशी धरलं. आता ते बंद होतं. त्यांनी ते उघडलं नाही, चावी दिली नाही, गादीवर ठेवलं.

त्या दुकानाच्या पायरीवर मी दोन वर्षं बसले होते. मनगटी घड्याळाला एकदा चावी दिली की ते सव्वा दिवस चालतं, हे चाचा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. सकाळी तोंड धुतलं की चावी द्या, रोज त्याच वेळी. मुलालाही तीच सवय. निघायच्या सकाळी दिलेल्या चावीवर ते घड्याळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते चालू होतं. मधल्या सकाळी कोणीतरी चावी दिली होती, आणि द्यायला एकच जण उरलेला होता.

मधल्या सकाळी सगळे पूर्वेला शोधत होते.

"किती चालते, तुले मालूम हाये," चाचा म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"हो."

"चाचीले नोको सांगू. तो लगेच गेला. त्याले कळलंबी नाई. एवढंच सांगाचं."

"बरं."

"तुह्या मालकालेबी नाई."

"बरं," मी म्हणाले. मग म्हणाले, "चाचा, मीच..."

"भाकर ठेव तिथी," ते म्हणाले. "आन जाय आता."

मी भाकरी ठेवून आले. रडत बसले नाही, दुपारची मिरची तोडायची राहिली होती. घरी मालकांना वाटायचं की मी उगाच मनाला लावून घेते. "बैल म्या जुपले होते, तू नाई," असं ते बरेच दिवस सांगत राहिले. बैल कोणी जुंपले याला महत्त्व नव्हतं. वही माझी होती. आभाळाचा रकाना मी भरला होता, बैलांचा रकाना त्या वहीत असायला हवा होता हे मला सुचलं नव्हतं. मालकांना मी ते बोलले नाही. घड्याळाचं तर नाहीच.

महिन्याभरानं मी अकोल्याहून एक गजराचं घड्याळ मागवलं आणि विहिरीजवळच्या निंबाला खिळा मारून टांगलं. चाचांकडून घेतलं नाही. मालक म्हणाले, "आता कायले?" मी म्हणाले, पाण्याच्या पाळीला. पाण्याची पाळी मात्र आम्ही मोटांवरच मोजत राहिलो, कारण शेजाऱ्याला घड्याळ कळत नव्हतं. विमान रोज नऊ दहाला जायचं. मी मान वर करायची नाही.

चाचा दुकान उघडायचे. वर्तमानपत्र कोणी आणत नव्हतं. नवीन बाबू आले, त्यांना विमानाचा नाद नव्हता, ते दुपारी झोपायचे. एकदा बाजारात दोन माणसं विमानाच्या तिकिटांबद्दल बोलत चाचांच्या दुकानासमोर थांबली. नागपूर ते मुंबई किती पडतं, कोणती कंपनी बरी. चाचांनी भिंग डोळ्याला लावलेलं होतं, ते काढलं नाही. माणसं बोलून निघून गेली.

चाचींना मात्र मी रोज भाजी द्यायची. बाजारातून परत येताना त्यांच्या दारात टोपली टेकवायची, हे आधीपासूनचं होतं. पहिले काही महिने त्या काही बोलत नसत. उन्हाळा गेला, पाऊस गेला. नवीन वांगी आली त्या दिवशी त्या टोपलीशी खाली बसल्या आणि एकेक उचलून पाहू लागल्या. निवडता निवडता म्हणाल्या, "बहू, एक इचारू?"

"इचारा."

"लगेच गेला ना तो?"

मी टोपलीतली कोथिंबीर सरळ केली. "लगेच गेला, चाची. त्याले कळलंबी नाई."

त्यांनी हातातलं वांगं देठाकडून फिरवून पाहिलं.

"त्यायले इचारलं तं तेबी हेच सांगते," त्या म्हणाल्या. "त्याले कळलंबी नाई. तुमी दोघंबी सारखंच सांगता. शब्दबी तेच."

खोटं एकदा बोलता येतं. त्याच्यावर आणखी काय रचायचं ते मला येत नव्हतं.

"हे किडकं हाये," म्हणून त्यांनी ते वांगं टोपलीत परत टाकलं. दुसरी दोन घेतली. "उद्या चांगले आनजो."

त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. मी रोज त्या दारात टोपली टेकवत राहिले. एक दिवस जरी चुकवला असता तरी मी त्यांना टाळते आहे हे दिसलं असतं आणि खरं उत्तर त्यांना मिळालं असतं.